उरलेला कागद

ती. आई आणि ती. आप्पा,
साष्टांग नमस्कार.

पुण्याला सुखरूप पोचले. ती लांब नळकांडीही पोचली. एस.टी.त वर ठेवताना कंडक्टरनं विचारलं, "ताई, बंदूक-बिंदूक नाही ना याच्यात?" मी म्हटलं, "नाही, ब्लाऊज आहेत." तो आणखीच बुचकळ्यात पडला आणि त्यानं निमूटपणे लगेजचं तिकीट फाडलं.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण आप्पा, तुम्ही फोनवर दोनदा "हं, हं" करता आणि फोन आईकडं देता, आणि आईचं सुरू होतं जेवलीस का. म्हणून पत्र. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

रविवारी तुम्ही दोघं एरंडोलहून जळगावला माझं कागदकामाचं प्रदर्शन बघायला आलात. आप्पा, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. हॉलला एक फेरी मारलीत, पुन्हा दुसरी मारलीत, आणि भर माणसांत मला विचारलंत, "मंग, उरेल कागद कोठे जास?" लोक हसले. मीही हसले आणि कुणीतरी पाहुणे आले म्हणून तिकडं वळले. रात्री परतीच्या गाडीत चाळीसगाव मागं पडलं तरी मला झोप नव्हती. त्या हॉलमध्ये आठ दिवसांत मला जितके प्रश्न विचारले गेले, त्यातला हा एकच कामाचा होता. बाकीच्यांनी 'किती दिवस लागले' आणि 'मशीननं कापलंय का' एवढंच विचारलं.

उत्तर देतेच. पण त्याआधी एक कबुली.

दिवाळीत तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा शिलाईचं दुकान रिकामं करायचं चाललं होतं. माळ्यावरचे खाकी कागदांचे गठ्ठे आई बंबात घालायला निघाली होती. तीस-पस्तीस वर्षांची पेपर कटिंग: पाठ, पुढा, बाही, कटोरी, सुतळीत बांधलेली. मी तिला म्हटलं, मी नेते. तुम्हाला विचारलं नाही. डोळ्याला हिरवी पट्टी लावून खाटेवर पडलेल्या माणसाला काय विचारायचं, अशी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. तुम्ही नको म्हणाल अशी भीती होती.

म्हणजे ते कागद नऊ फूट उंचीवरून नायलॉनच्या दोऱ्यानं लटकलेले तुम्ही पहिल्यांदा पाहिलेत ते तिथंच. आणि तुम्ही ओळखलेतही. मी एका पुढ्यात अख्खी केळीची बाग कापली होती, तिच्याकडं न बघता तुम्ही खांद्याची रेघ बघितलीत. म्हणालात, "ही पाटील वहिनींची. डावा खांदा उतरता होता त्यांचा." हात पुढं केलात आणि तिथला पोरगा म्हणाला, "काका, हात लावू नका." मी चार पावलांवर उभी होते. कागद यांचाच आहे, हे मी त्याला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. हे मला अजून टोचतंय.

तुमच्या कात्रीची गोष्ट आठवते ना? चौथीत होते. गुलाबाईच्या मखराला झालर हवी होती म्हणून तुमची मोठी कात्री घेऊन पतंगी कागद कापत बसले. तुम्ही आलात आणि एक थोबाडीत दिलीत. "कापडाच्या कात्रीनं कागद कापायचा नाही, धार जाते." दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी बाजारातून छोटी लाल मुठीची कात्री आणलीत आणि काही न बोलता गल्ल्याच्या फळीवर ठेवलीत. आज मी जे करते ते त्या थोबाडीत आणि त्या लाल कात्रीत कुठंतरी सुरू झालं असणार.

आता कात्री फार वापरत नाही. मेडिकलमध्ये ऑपरेशनचं पातं मिळतं, अकरा नंबरचं, टोकदार. ते तीन नंबरच्या मुठीत बसतं. मी खोक्यानं पाती घेते, तेव्हा मेडिकलवाला माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघतो. खाली रबरी मॅट असते. कापताना हात जागेवर ठेवायचा आणि कागद फिरवायचा. बारीक नक्षी आधी कापायची, मोठी भोकं शेवटी, कारण मोठं भोक पडलं की कागदाचा जीव जातो, मग बारीक काम झेपत नाही. पात्याचं टोक बोथट झालं की ते कापत नाही, ओढतं. ओढलं की कागदाला केस येतात. केस आले की तो तुकडा गेला.

तुम्ही कापडाचा उभा धागा बघितल्याशिवाय कधी कात्री चालवली नाहीत. कागदालाही उभा-आडवा असतो, हे मला फार उशिरा कळलं. मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू एका दिशेनं लागतात. दमट हवेत तो आडव्या अंगानं फुगतो, उभ्या अंगानं फारसा नाही. हे न बघता मी पहिल्या वर्षी लांबलचक पट्ट्या कापल्या आणि पावसाळ्यात सगळ्या वाकड्या झाल्या. तुम्ही जवळ असतात तर कागद नुसता दोन बाजूंनी वाकवून बघितला असतात आणि सांगितलं असतंत.

आणि माया. तुम्ही शिवणीला माया सोडता, तशी इथं सोडावी लागते, फक्त जागा वेगळी. समजा कागदात 'व' कापायचा. बाहेरची रेघ कापली, आतली कापली, की त्याचं पोट खाली गळून पडतं. म्हणून कुठंतरी एक बारीक काडी जोडलेली ठेवायची. जिनिंगच्या गाठींवर स्टेन्सिलनं मार्का मारतात, त्यातली अक्षरं तुटक दिसतात ना, ती याच्यामुळंच. शिकाऊ माणसाला ती काडी नडते, चित्र बिघडवते असं वाटतं. मथुरा-वृंदावनचे सांझीवाले कारागीर मात्र ती काडी अशी ठेवतात की ती वेल वाटते, गाईचं शेपूट वाटते, यमुनेची लाट वाटते. कागदात कृष्णलीला कापायची, तो कागद जमिनीवर ठेवायचा, वरून रंग चाळायचा, कागद उचलला की रांगोळी तयार. हे ते पितृपक्षात करतात. म्हणजे इकडं आपल्या पोरी घरोघर गुलाबाईची गाणी म्हणत खाऊ ओळखत असतात, तेव्हा तिकडं सांझी चाललेली असते.

पितृपक्षावरून आठवलं, हॉल स्वस्तात मिळाला तो त्याच्यामुळंच. कुणी बुक करत नाही म्हणे. आई, तू "या दिवसांत नवं काही सुरू करू नये" म्हणून चार दिवस घोकत होतीस, पण गणपतीतल्या भाड्यात तो हॉल मला परवडला नसता.

आदल्या रात्रीचं तुम्हाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी पाऊस झाला, हॉलच्या खिडक्या उघड्या राहिल्या, आणि खाकी कागदानं ओल धरली. इतकी वर्षं घडीत राहिलेला कागद, घडीवर आधीच कुजका. अकराच्या सुमारास सगळ्यात मोठा ताव मधल्या काडीवर फाटला आणि अर्धा खाली आला. मी खाली बसून रडले, मग उठले. रखवालदाराच्या बायकोकडून मैदा घेतला, त्यांच्याच शेगडीवर खळ शिजवली. आई, तू दरवर्षी गणपतीच्या पताकांसाठी करतेस तशीच, फक्त मोरचूद घातलं नाही. त्यानं कसर लागत नाही खरी, पण हिरवट डाग पडतो. मागून पातळ जपानी कागदाची पट्टी चिकटवली, वर तुमची जुनी इस्त्री असती तर बरं झालं असतं, पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. दोन वाजता तो पुन्हा वर चढला. तुम्ही रविवारी बराच वेळ बघत होतात तो तोच. सांधा तुमच्या नजरेला आला असणार. बोलला नाहीत, बरं केलंत.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. सावल्या पडायच्या त्याच भिंतीवर कुणा मान्यवरांच्या स्वागताचा फ्लेक्स लावायला माणसं आली. माझं निम्मं काम सावलीत असतं. दिवा छोटा आणि एकच असेल तर सावली रेखीव पडते, मागं ट्यूबलाइट पेटली की विरघळते. हे समजावून सांगण्यात माझा तास गेला. शेवटी फ्लेक्स जिन्यात लागला. मान्यवर आलेच नाहीत.

आई, तू बसमधून उतरताना म्हणालीस, "पण हे आठ दिवसांनी काढूनच टाकायचं ना?" आणि तुझा चेहरा पडला. अगं, कानबाई आपण किती दिवस ठेवतो? रविवारी केळीचे खांब, चौरंग, नवी साडी, रात्रभर जागरण, आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीला. कुणी म्हणतं का की फुकट गेलं? ह्या कामाला इकडं 'इन्स्टॉलेशन' म्हणतात. शब्द नवा आहे, खान्देशाला गोष्ट नवी नाही. १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं, तेव्हा गांधीजींनी शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं आणि गावात मिळेल त्याच सामानातून नगर सजवायला सांगितलं. बांबूच्या कमानी, बांबूचे मांडव. अधिवेशन संपलं, सगळं उतरवलं. पण आजोबा मरेपर्यंत नेहरूंच्या भाषणाबद्दल कमी आणि त्या बांबूच्या दरवाज्याबद्दल जास्त बोलायचे. आप्पा, तुम्हीच सांगायचात ना?

आता उरलेला कागद.

मी तो टाकत नाही. कापताना मॅटच्या बाजूला पत्र्याचा डबा असतो, त्यात सगळं जातं: पाकळ्यांची पोटं, पानांमधल्या फटी, डोळे. वर्षाकाठी दोन पोती होतात. आजवर नुसती साठवत होते. या उन्हाळ्यात हातकागदाचं काम शिकले. पुण्यात शिवाजीनगरला १९४०पासूनची हातकागद संस्था आहे, आणि दौलताबादजवळ कागजीपुऱ्यातही हातानं कागद करतात. तुकडे भिजत घालायचे, कुटून लगदा करायचा, पाण्याच्या टाकीत ढवळायचा, चौकटीच्या जाळीवर तो उचलायचा, दाबून पाणी काढायचं आणि वाळवायचा. पण नुसत्या खाकी तुकड्यांचा कागद ठिसूळ होतो. त्यात सुती चिंध्या लागतात, सुताचा तंतू लांब आणि चिवट असतो. आई, तू गोधडीसाठी ठेवलेलं अस्तराच्या कतरणीचं बोचकं मी नेलं, ते त्यासाठी. टेरिकॉट निवडून बाजूला काढलं, त्याचा लगदा होत नाही, कितीही कुटा. पॉपलीन आणि टू बाय टू रुबिया मात्र अगदी लोण्यासारखं झालं.

पहिले बारा कागद निघाले. रंग दुधाच्या चहासारखा, मधेच कुठं निळा धागा, कुठं तुमच्या खडूची गुलाबी छटा. जाडसर आहेत, कडा वेड्यावाकड्या. आपल्या एरंडोलची इंग्रजी गॅझेटियरमध्ये नोंद आहे ती हातानं केलेल्या जाड्याभरड्या कागदासाठी. यावलचीही आहे. तुमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर कधीकाळी लोक हेच करत बसले असतील, आणि मी ते शिकायला पुण्याला आले. आईची ह्यावरची प्रतिक्रिया मला माहीत आहे, ती लिहीत नाही.

तर आप्पा, उरेल कागद आठे शे, माझ्या टेबलावर. त्यातले सहा तुमच्यासाठी पाठवते आहे. यावर कापायचं तुम्ही. नाही म्हणू नका. मातीस नावाचा मोठा फ्रेंच चित्रकार होता, १९४१ साली पोटाचं मोठं ऑपरेशन झाल्यावर त्याला उभं राहून रंगवणं जमेना. मग मदतनीस कागद रंगवून द्यायचे आणि तो खुर्चीत, अंथरुणात बसून कात्रीनं आकार कापायचा, ते भिंतीवर टाचणीनं लावून बघायचा, हलवायचा, पुन्हा लावायचा. सत्तरी उलटल्यावर. तुम्हाला टाचण्या लावून बघणं मी काय शिकवणार? थरथरतो तो उजव्या हाताचा अंगठा, पण मोठी कात्री टेबलावर टेकवून चालवता तेव्हा थरथरत नाही, हे मी दिवाळीत बघितलंय. आणि हो, हा कागद मोठ्या कात्रीनंच कापा. धार गेली तर मी येऊन लावून आणीन.

एकच विचारायचं राहिलं. हॉलच्या कोपऱ्यात एक कागद मी कोराच टांगला होता, त्यात काहीच कापलं नाही. बाकी सगळ्यांवर तुम्ही नावं घातली आहेत, त्याच्यावर नाव नाही. नुसतं २१२, छाती २४, आणि खाली पेन्सिलीनं 'सोमवारी हवं'. माप लहान मुलीचं. रविवारी तुम्ही त्याच्यापुढं थांबलात, चष्मा काढून पुसलात आणि पुढं गेलात. मला वाटलं माझाच असेल, म्हणून आईला विचारलं, तर ती म्हणाली, तुझा नाही, तुझे कपडे कधी नंबरावर शिवले नाहीत.

मापांच्या जुन्या वह्या लोखंडी पेटीत आहेत, मी त्या हलवलेल्या नाहीत. तेवढा २१२ बघून कळवाल का?

तुमची
ताई