साभार परत आलेल्या कादंबरीबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

बाबा, प्रकाशकांच्या पत्राचा आईने पाठवलेला फोटो पाहिला. ‘आमच्या प्रकाशन-योजनेत बसत नसल्याने साभार परत’ या ओळीत कादंबरीबद्दल एक अक्षरही नाही. त्यामुळे तिचा अर्थ लावत बसू नका. ‘मधला भाग रेंगाळतो’ असं नेमकं काही लिहिलं असतं, तर ते जपून ठेवण्यासारखं होतं. लंडन-न्यूयॉर्ककडे हस्तलिखित आधी एजंटकडे, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणाऱ्या माणसाकडे जातं. त्याला पटलं पण कच्चं वाटलं, तर काय बदलायचं ते सांगून तो पुन्हा मागवतो. त्यात त्याचा स्वार्थ असतो, कारण पुस्तक विकलं गेलं तरच लेखकाच्या मिळकतीतले साधारण १५ टक्के त्याच्या हाती पडतात. आपल्याकडे मराठीत लेखक थेट प्रकाशकाच्या दारात जातो, मधला हा माणूसच नाही. त्याचं काम तुम्हालाच करायचं आहे.

आधी महिनाभर गठ्ठा कपाटात ठेवा. बाहेर काढल्यावर पहिल्या प्रकरणातली वाक्यं घासायला बसू नका. बहुतेकांचं दुरुस्तीचं काम इथेच फसतं. घासून गुळगुळीत केलेलं वाक्य मग कापवत नाही, आणि पहिलं प्रकरण तर कापावंच लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

त्याऐवजी पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं घ्या. एका प्रसंगाला एक कार्ड. त्यावर प्रसंग कुठे-कधी घडतो, कोणाच्या नजरेतून दिसतो, त्या माणसाला त्या वेळी काय हवं असतं, प्रसंग संपताना काय बदललेलं असतं आणि शब्द किती, एवढंच लिहायचं. मजकूर न बघता, आठवणीतून लिहू नका. आठवणीत कादंबरी नेहमी कागदावरच्यापेक्षा चांगली असते. ‘काय बदललं’ ही जागा ज्या कार्डावर कोरी राहील, ते वेगळं ठेवा. वेगळा ढीग केवढा होतो ते बघून घाबरू नका.

तुमचा मजकूर १,४०,००० शब्दांचा आहे. डेमी आकारात पानाला तीनशेच्या आसपास शब्द धरले तरी साडेचारशेच्या वर पानं होतात. नव्या लेखकाच्या एवढ्या जाड पुस्तकाला प्रकाशक बिचकतो. कागद महाग, किंमत वाढते, आणि नाव ओळखीचं नाही. एक लाखावर आणा. ओळीओळीतून शब्द वेचून चाळीस हजार कमी होत नाहीत, अख्खे प्रसंगच जावे लागतात. मला स्वतःला कोयनेकाठच्या शेतांचं वर्णन फार आवडतं, तरीही गोष्ट सुरू होते ती चौथ्या प्रकरणात, धरणासाठी गाव सोडायची नोटीस येते तिथे. नोटीस पहिल्या पाच पानांत आणा. शेतं नंतर, सामान हलवताना दिसू देत, तेव्हा ती जास्त लागतील. तलाठी आणि ग्रामसेवक दोघंही फक्त निरोप आणतात. त्यांतला एक पुरे. कापलेलं फेकू नका, ‘काढलेलं’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवा. ते कुठेतरी शिल्लक आहे म्हटल्यावर कात्री जरा सहज चालते.

नाव बदलायचं झालं, तर संगणकाला सरसकट ‘शोधा आणि बदला’ सांगू नका. ‘राम’चा ‘शिवा’ केलात की ‘आराम’चा ‘आशिवा’ होतो. ‘गंगा’ शोधून ‘गंगेनं’ सापडत नाही, कारण आपल्याकडे नावंही विभक्तीत रूप बदलतात. प्रत्येक रूप वेगळं शोधा आणि एकेक जागा डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या प्रकरणांत ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ची गल्लत झाली आहे. सह्याद्रीच्या दऱ्यांच्या जागी चक्क दर्या आलाय!

काळाचा तक्ता वेगळा करा. मला सापडलेल्या चुका अशा: १९५८च्या नोटिशीवर ‘महाराष्ट्र शासन’ छापलंय, पण १ मे १९६०च्या आधी ते मुंबई राज्य होतं. १९६३मध्ये विस्थापित ‘रायगड जिल्ह्यात’ जातात, तेव्हा त्याचं नाव कुलाबा होतं, रायगड झालं १९८१मध्ये. आणि कादंबरीच्या शेवटी येणारा कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. तुम्ही तिथे चांदणं पाडलंय. मार्गशीर्ष शुद्ध नवमी-दशमीचा सुमार, म्हणजे चंद्र तोवर केव्हाच मावळलेला. माणसं मिट्ट काळोखात अंगणात धावली असणार. हा बदल चूक सुधारण्यापुरता ठेवू नका. प्रसंग काळोखातून पुन्हा लिहा, म्हणजे कोण कुणाला हाक मारतंय हे आवाजावरूनच कळेल.

बोलीचं एक पत्रक बनवा. पाटणकडची माणसं तुमच्याकडे एकाच पानावर ‘न्हाई’, ‘नाय’ आणि ‘नाही’ म्हणतात. प्रत्येक पात्राचं रूप ठरवा आणि तेच शेवटपर्यंत सांभाळा. साहेबाशी बोलताना माणूस भाषा बदलतो, तेवढा फरक मात्र मुद्दाम ठेवा.

वाक्यांची पाळी यानंतर. ‘त्याला वाटलं की’, ‘तिच्या लक्षात आलं की’ हे शोधा. दहांपैकी बरेचसे नुसते उडवता येतात. ‘म्हणाला’ राहू द्या, वाचकाला तो दिसतही नाही. ‘उद्गारला’ आणि ‘गरजला’ मात्र दिसतात.

आई, इथे तुझं काम आहे. रोज दुपारी एक प्रकरण मोठ्याने वाच. बाबांनी समोर दुसरी प्रत घेऊन बसायचं आणि तू अडखळशील तिथे फक्त खूण करायची, मध्ये बोलायचं नाही. तुला डुलकी लागली तर तो पानाचा आकडाही लिहायचा. लाजू नकोस, सगळ्यात खरा अभिप्राय तोच. याखेरीज बाहेरचे तीन वाचक हवेत, त्यांतला एक तरी त्या खोऱ्यातला. ‘आवडली का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘कुठे खाली ठेवलीत?’ विचारा. दोघांनी एकाच पानाशी ठेवली, तर दोष बहुधा त्याच्या पंधरा-वीस पानं आधी असतो.

एवढं सगळं व्हायला सहा-आठ महिने लागतील. त्यानंतर दुसऱ्या प्रकाशकाकडे पाठवा. पहिल्याकडे पुन्हा पाठवायची असेल, तर काय बदललं ते दोन ओळींत लिहा. सोबत एका पानाचं पत्र, दोन पानांचा सारांश (शेवटासकट, तो लपवायचा नसतो) आणि पहिली तीन प्रकरणं. कागदाच्या एकाच बाजूला छपाई, ओळींत ऐसपैस जागा, पानांना सलग क्रमांक. मूळ प्रत घराबाहेर जाऊ द्यायची नाही. ‘लेखकाने निम्मा खर्च उचलल्यास छापू’ असं कुणी म्हणालं, तर आधी मला फोन करा. पेन्शनीतून द्यायचं काही नाही.

कार्डं दोनशे पाठवते आहे, शंभरेक प्रसंग आहेत, उरतील. आई, जास्तीची वाणसामानाच्या याद्यांसाठी लपवून ठेवू नकोस!

तुमची,
मनू