काकू, त्यात बरंच काही होतं

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणता आणि लगेच स्टाव्हांगरचा पाऊस थांबला का ते विचारता. पाऊस थांबलेला नसतोच, आणि आभार राहून जातात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. आता विषय बदलून दाखवा.

इथे नॉर्वेत, स्टाव्हांगरच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा माझ्या वाट्याला सोळा-सतरा वर्षांची मुलं आली आणि अभ्यासक्रमात अमेरिकेचा समाज आणि संस्कृती. नॉर्वेच्या मुलांना अमेरिका शिकवण्यात पंचाईत एकच, त्यांना ती आधीच पाठ असते. शुक्रवारी संध्याकाळी इथे घरोघरी टाको होतात. उन्हाळ्यात जुन्या लांबलचक अमेरिकन गाड्या घेऊन लोक गावातून मिरवतात. इंग्रजी तर असं की डोळे मिटून ऐकलं तर पोरगं ओहायोचं वाटावं. बंदुका, बर्गर, हॉलिवूड, दवाखान्याची बिलं, काहीही विचारा, उत्तर तयार. त्यात समोर उभी मी, नागपूरची. ही बाई आम्हाला काय अमेरिका सांगणार, असं कुणी तोंडावर म्हणालं नाही, कारण मुलं भिडस्त. पण थँक्सगिव्हिंगचा धडा निघाला की वर्गाचा चेहरा साबुदाण्यासारखा व्हायचा.

अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात आपण शेजारी होतो तेव्हापासून निवडणूक आली की तुम्ही पहाटे डबा घेऊन मतदान केंद्रावर जाता हे मला ठाऊक होतं. तिथे त्या कामाला 'इलेक्शन जज' म्हणतात. नाव भारी, काम आपल्याकडच्या मतदान अधिकाऱ्याचं, फक्त करणारे साधे नागरिक. वर्गाशी अर्धा तास बोलाल का, एवढंच मी विचारलं होतं. आमचे दुपारचे दोन म्हणजे तुमचे सकाळचे सात. स्क्रीन लागली तेव्हा तुम्ही कधीच्या तयार, चहा पिऊन झालेला आणि हातात तुमच्या काऊंटीची, म्हणजे जिल्ह्याची, नमुना मतपत्रिका.

ती तुम्ही कॅमेऱ्यासमोर धरलीत, आधी पुढची बाजू, मग मागची. वर राष्ट्राध्यक्ष, खाली सिनेट, प्रतिनिधिगृह, राज्याची विधानसभा, मग काऊंटी, शाळा मंडळ, माती आणि पाणी संवर्धन मंडळ, आणि त्याखाली न्यायाधीशांची रांगच्या रांग. इथे संसदेच्या निवडणुकीत मतदार एका पक्षाची चिठ्ठी उचलतो, घडी घालतो, शिक्का मारून घेतो आणि पेटीत टाकतो. न्यायाधीश निवडून येतो हे ऐकून वर्ग ताठ बसला. माती-पाण्याच्या मंडळावर कुणाला निवडायचं हे लोकांना कसं कळतं, असं एकीने विचारलं. तुम्ही म्हणालात, "बऱ्याच जणांना कळत नाही. नागरिक झाल्यावर पहिलं मत द्यायला गेले तेव्हा मीही पेन हातात धरून बसले होते." अमेरिकेबद्दल बोलताना कुणी मोठं माणूस 'कळत नाही' म्हणतं, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं. तिथून प्रश्न थांबेनात.

मिनेसोटात १९७४ पासून मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवता येतं. पत्त्याचा पुरावा नसेल तर त्याच भागातला नोंदणी झालेला मतदार शपथेवर सांगू शकतो की हा इथेच राहतो. या मुलांच्या देशात लोकसंख्येच्या नोंदीवरून मतदार यादी आपोआप तयार होते, त्यामुळे शेजाऱ्याच्या शब्दावर मत देता येतं हे त्यांना अजबच वाटलं. पण डोळे चमकले ते सोळा-सतरा वर्षांची मुलंही तुमच्या हाताखाली प्रशिक्षणार्थी म्हणून केंद्रावर बसतात हे कळल्यावर. इथेही खऱ्या निवडणुकीआधी शाळांमधून मतदान होतं, पक्षांची तरुण मंडळी येऊन सभागृहात जोरात भांडतात. पण ती मतं मोजतात तेवढंच, खऱ्या निकालात धरत नाहीत.

दुसऱ्या वेळी मी तुम्हाला नॉर्वेहून तिकडे गेलेल्यांच्या चर्चमधल्या लुटेफिस्कच्या जेवणाबद्दल बोलायला सांगितलं. तुम्ही शाकाहारी, आणि विषय अल्कलीत भिजवून थुलथुलीत केलेला मासा! वर चर्चच्या बाकांवर लोक हातात नंबराचं तिकीट घेऊन बसलेले, नंबर पुकारला की तळघरात उतरायचं, आणि माशावर वितळलेलं लोणी की पांढरा सॉस यावरून घराण्याघराण्यांत मतभेद. वर्गातल्या निम्म्या मुलांनी लुटेफिस्क कधी तोंडात घातलेला नव्हता. मग तुम्ही ती लांब चपटी काठी दाखवलीत, लेफ्सेच्या मधोमध खालून सरकवून ती तव्यावर टाकायची असते ती. बटाट्याची पातळ पोळीच ती. पुरणपोळी लाटलेल्या हाताला तळघरातल्या आज्यांना काही शिकवावं लागलं नाही, उलट त्यांनी तुम्हाला दरवर्षी लाटायलाच बसवलं. एका मुलाने हे घरी आजीला सांगितलं. मिनेसोटाच्या लेफ्से फार जाड असतात असं तिचं म्हणणं आहे, आणि ते तुमच्यापर्यंत पोचवायचा निरोप आहे. पोचवला.

स्टाव्हांगरच्याच बंदरातून ४ जुलै १८२५ ला 'रेस्टोरासियोन' नावाचं लहानसं जहाज ५२ माणसं घेऊन निघालं. ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला लागलं तेव्हा ५३ होती, वाटेत एक मुलगी जन्मली. हे इथे सगळ्यांना माहीत असतं. जहाजाच्या मानाने माणसं जास्त म्हणून ते तिथे जप्त झालं, जबर दंड झाला आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी तो माफ केला, हे फारसं कुणाला नसतं. मी ते सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, "म्हणजे कागदपत्रांचा घोळ तुमच्याही पूर्वजांपासूनचा!" आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत गेलेली तुमची वर्षं सांगितलीत, रडगाणं न गाता.

पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर नॉर्वेजियन तिकडे गेले. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळे. ती आधी कुणाची होती, हा प्रश्न वर्गातूनच आला. मी असते तर 'पुढच्या तासाला बघू' म्हणाले असते. तुम्ही सरळ म्हणालात, "डकोटांची. मी राहते तीसुद्धा." डकोटा म्हणजे तिथले मूळ रहिवासी. मग त्यांचं अमेरिकी सरकारशी त्याच वर्षी झालेलं युद्ध आणि २६ डिसेंबरला मँकेटो इथे एकाच दिवशी फाशी दिलेले ३८ डकोटा पुरुष. तुमच्या घरापासून दीड तासावर. कॅमेरा बंद झाल्यावर एका मुलीने सामी लोकांचा, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांचा विषय काढला, त्यांच्या मुलांची भाषा इथल्या शाळांनी कशी तोडली तो. तास संपला तरी कुणी दप्तर उचललं नाही.

काकू, तुम्ही अमेरिकेची बाजू घेतली नाहीत आणि तिला नावंही ठेवली नाहीत. माझ्याच्याने हे रोज जमत नाही. तुमच्यामुळे आता मी धडा एखाद्या कागदापासून, तिकिटापासून, पावतीपासून सुरू करते, आणि मुलं मला नागपूरचंही विचारतात.

पुढच्या वर्षीची तुकडी तुमच्यासाठी प्रश्न जमवते आहे. पहिला प्रश्न टिपचा आहे, वीस टक्के कशाबद्दल द्यायचे हा. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आमची घड्याळं तुमच्याआधी मागे जातात, तेव्हा आठ दिवस सहाच तासांचा फरक राहील. गजर त्याप्रमाणे लावा.

काकांना नमस्कार.

तुमची,
स्टाव्हांगरची मास्तरीण