मेस्त्री, तुमचे आभार कसे मानू?

मेस्त्री, नमस्कार.

हे तोंडावर बोलायला आलो असतो तर तुम्ही "आसांदे" म्हणून रंधा हातात घेतला असता. म्हणून लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं असंच लिहितोय.

बाबांना कंपवात आहे. आमच्याकडे शनिवारी रात्री डोमिनोचा डाव बसतो, मेक्सिकन ट्रेन. डबल-बाराचा संच, ९१ सोंगट्या, आठ जण. डबल म्हणजे दोन्ही टोकांना सारखेच ठिपके असलेली सोंगटी; त्यातली एक इंजिन म्हणून मधोमध ठेवायची आणि तिच्यापासून प्रत्येकाने आपली गाडी, म्हणजे सोंगट्यांची रांग, जोडत न्यायची. ज्याला जोडता येत नाही त्याची गाडी सगळ्यांना उघडी होते. प्रत्येकाने आपापल्या सोंगट्या स्वतःकडे तोंड करून उभ्या ठेवायच्या, ठिपके दुसऱ्याला दिसता कामा नयेत. बाबांचा हात जवळ आला की एक पडायची आणि तिच्या धक्क्याने शेजारच्या चार. सगळा डाव उघडा. कोणी काही बोलत नसे, आणि तेच त्यांना जास्त लागायचं. "आज मी नुसता बघतो" म्हणून खुर्ची मागे घ्यायला लागले होते. कोणाच्या हातात कुठला डबल अडकलाय हे त्यांच्याइतकं अचूक आमच्यात कोणालाही सांगता येत नाही, आणि तेच बाजूला बसलेले.

प्लास्टिकचे स्टँड मागवून बघितले. इतके हलके की हात लागला की सोंगट्यांसकट घसरायचे. मग शहरातल्या एका मोठ्या फर्निचरवाल्याने आगाऊ पैसे घेतले, आज-उद्या करत झुलवलं, आणि शेवटी जे पाठवलं त्याच्या खाचेत सोंगटी शिरतच नव्हती. नमुन्याला दिलेली सोंगटीही हरवून टाकली. फोन केला तर म्हणाला, "खेळायचंच सामान आहे ना, एवढं काय!" ते वाक्य आठवलं की अजून रक्त तापतं.

चितार आळीतल्या लाकडी फळांसाठी लोक कुठून कुठून सावंतवाडीत येतात. तुमचं दुकान त्या आळीत नाही, दारावर पाटीसुद्धा नाही. मी नमुन्याची सोंगटी पुढे केली, तुम्ही जाडी मोजलीत, तीन सूत. आणि म्हणालात, "माका त्यांचो हात बघूक होयो." बाबांना बाकावर बसवलंत, रद्दी फळीत साडेतीन सुताची खाच पाडून दिलीत आणि त्यांच्या हातून सोंगटी परत परत आत ठेवून घेतलीत. घाई नाही, कीव नाही. मापं घेणारा माणूस जसा बघतो, तसं तुम्ही त्यांच्या थरथरीकडे बघत होतात.

फणसाचं जड लाकूड, खाली रबराची पट्टी, सोंगटी पुढे घसरू नये म्हणून बाहेरच्या अंगाला बोटभर कठडा. मधली चकतीही तशीच भारदस्त: आठ गाड्यांना आठ खाचा, मधोमध इंजिनाच्या डबलची जागा. काम अप्रतिम आहेच. पण मला सांगायचंय ते त्या कठड्याबद्दल.

बोलणं झालं होतं ते एकाच कठड्याचं, बाबांच्या स्टँडपुरतं. बाकीचे सात साधे. घ्यायला आलो तर आठही स्टँडना कठडा. मी विचारलं, तुम्ही पॉलिश पेपरवरची नजर न उचलता म्हणालात, "एकट्याचोच वेगळो दिसलो तर ते वापरूचे नाय." वरचे पैसेही घेतले नाहीत.

मेस्त्री, आम्ही मुलं इतकी वर्षं त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळतोय, पण हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. दुसऱ्याला मदत करणारे पुष्कळ भेटतात. मदत घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची काळजी घेणारे फार थोडे. अशा माणसांच्या जिवावरच तर गावं राहण्यासारखी राहतात. तुमच्यासारख्यांचं नाव कुठे छापून येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्या शनिवारी बाबांनी ढिगातला हाताला लागेल तो स्टँड उचलला, आपल्या सोंगट्या लावल्या आणि आत्याला म्हणाले, "तुझी गाडी उघडी आहे, लक्ष ठेव." पहिला डाव त्यांनीच सोडवला.

आता शेजारच्या आजींनाही खेळायचंय, त्यांची बोटं संधिवाताने वाकली आहेत. त्यांना घेऊन येतो. आणखी दोन स्टँड लागतील, कठड्यासकट. या वेळी मात्र मेहनतीचे पैसे पुरे सांगा, मी घासाघीस करणार नाही आणि तुम्हालाही सोडू देणार नाही.

तुमचा,
बाबांचा धाकटा