सोने पैसा झाले ते कसोटीच्या दगडावर

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

दसरा जवळ आला आणि सोन्याचा भाव चढू लागला की सोन्याच्या इतिहासावर लेख येऊ लागतात, आणि त्यांतील बहुतेकांत एक वाक्य हमखास असते : सोने दुर्मिळ आणि मौल्यवान असल्यामुळे पूर्वी ते पैसा म्हणून वापरले जाई. आपल्या पुरवणीतही ते वाचले. चाळीस वर्षे सराफी पेढीवर बसलेल्या मला हे वाक्य खटकते, कारण त्यात प्रश्नच उत्तर म्हणून परत केलेला आहे. केशर मौल्यवान आहे, हिरा दुर्मिळही आहे आणि मौल्यवानही. पण शेतसारा हिऱ्यांत भरल्याचे किंवा फौजेचा पगार केशराच्या पुड्यांत वाटल्याचे ऐकिवात नाही. मग सोन्यातच असे काय होते? त्याचे उत्तर पेढीवरच्या काळ्या दगडात आहे असे मला वाटते, आणि ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कसोटीचा दगड तळहातात मावेल एवढा, काळाभोर आणि गुळगुळीत असतो. जिन्नस त्यावर हलकेच घासला की पिवळी रेघ उमटते. तिच्या शेजारी, ज्यांचा कस आधीच ठाऊक आहे अशा सळयांच्या रेघा ओढायच्या आणि रंग ताडून पाहायचा. मग सगळ्या रेघांवरून तेजाबाची, म्हणजे आम्लाची, काडी फिरवायची. पितळेची रेघ फसफसून नाहीशी होते, हिणकस सोन्याची फिकी पडते आणि चोख सोन्याची जशीच्या तशी राहते. या सगळ्याला दोन मिनिटे पुरतात, जिनसाचे वजन गुंजभरही घटत नाही, आणि मुख्य म्हणजे समोरचा माणूस कोण, कुठला, सचोटीचा की लबाड, हे विचारण्याची वेळच येत नाही. तेजाब त्या मानाने अलीकडचे, पण दगड आणि रेघ फार जुनी आहेत. संस्कृतात त्या दगडाला निकष म्हणत. आज शासकीय योजनांच्या पात्रतेचे जे निकष आपण वाचतो, ते मूळचे सराफाच्या गादीवरचे आहेत.

दगड हाताशी नसला तर तराजू असतोच. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, चांदी साडेदहा पट आणि शिसे सुमारे सव्वाअकरा पट. त्यामुळे शिशावर सोन्याचा मुलामा चढवून नाणे केले, तर ते आकाराला बरोबर ठेवल्यास वजनात उणे भरते आणि वजनाला पुरे केल्यास जाड दिसते. जवळजवळ सोन्याइतका जड असलेला टंगस्टन माणसाने वेगळा काढला तो १७८३ साली, म्हणजे सोने पैसा म्हणून रुळल्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी. तोवर खोटेपणा करणाऱ्याला रंग, वजन आणि आकार ही तिन्ही एकदम साधणे जवळपास अशक्य होते.

माझ्या आजीच्या पेटीत पुतळ्यांची, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची, माळ होती. लहानपणी मी त्यातली एकेक पुतळी उलटसुलट करून पाहत असे. एका बाजूला गुडघे टेकलेला माणूस आणि त्याच्यासमोर उभा असलेला दाढीवाला साधू, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबगोल चौकटीत उभी मूर्ती, आणि कडेने घरात कोणालाही न लागणारी अक्षरे. ती अक्षरे लॅटिन होती, साधू म्हणजे संत मार्क, गुडघे टेकलेला तो व्हेनिसचा प्रमुख आणि ताऱ्यांमधला येशू ख्रिस्त, हे मला पेढीवर बसू लागल्यानंतर कळले. व्हेनिसने हे नाणे १२८४ साली पाडायला सुरुवात केली आणि १७९७ साली ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोने जवळजवळ शुद्ध राखले. आपल्याकडे त्याच्या नकलाही पुष्कळ झाल्या, आणि अस्सल व नक्कल दोहोंचा निवाडा शेवटी दगडावरच होई. आजीला व्हेनिस ठाऊक नव्हते, त्याचा प्रमुख ठाऊक नव्हता, त्याच्या शिक्क्याचा तिच्यावर काही हुकूम चालत नव्हता. तरीही ती पुतळी कोणत्याही गावच्या सराफाकडे नेली तर तिचे काय येईल हे तिला पक्के माहीत होते. सोने पैसा झाले ते या गुणामुळे, अनोळखी माणसाच्या हातून बिनधास्त घेता येते म्हणून.

इतिहासही हेच सांगतो. आजच्या तुर्कस्तानातील लिडिया या राज्यात इसवी सनापूर्वी सातव्या शतकात पहिली नाणी पडली, ती सोने आणि चांदी यांच्या मिश्रणाची. त्या मिश्रणात सोने किती आणि चांदी किती, हे नुसत्या नजरेने सांगता येत नसे. पुढे सहाव्या शतकाच्या मध्यास क्रीसस राजाच्या कारकिर्दीत सोन्याचे नाणे वेगळे आणि चांदीचे वेगळे झाले. त्याची राजधानी सार्डिस येथील उत्खननात, सोन्याचे पातळ पत्रे मिठाबरोबर मडक्यांत तापवून त्यातली चांदी काढून टाकण्याच्या भट्ट्या सापडल्या आहेत. कस ठरवता येऊ लागला तेव्हा सोन्याच्या नाण्याला खरा अर्थ आला.

आपल्या घरचे उदाहरण याहून बोलके आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या प्रसंगी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची कलमे घेऊन रायगडावर आला, त्यांत इंग्रजांचे नाणे स्वराज्यात चालावे असे एक कलम होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या उत्तराचा आशय असा होता की, कोणाचेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचा तोटा होईल असे नाणे घेण्याची सक्ती आम्ही तिच्यावर करू शकत नाही. इंग्रजांचे नाणे मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतके चोख आणि वजनदार असेल तर हरकत नाही. त्याच सुमारास ज्यांच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघत होती, त्या राजाने शिक्क्यापेक्षा धातूचा कस वर मानला. आजही मला ते कलम वाचताना अभिमान वाटतो.

सोन्याचे बाकीचे गुण सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो. लोखंड गंजते, तांब्यावर हिरवट कळा येते, धान्याला कीड लागते. सोन्याला यांतले काही होत नाही. हिऱ्याचे दोन तुकडे केले तर दोहोंची मिळून किंमत मूळच्या खड्याच्या पासंगालाही पुरत नाही, पण होनाचे तुकडे करून पुन्हा मुशीत एकत्र केले तर तेवढेच सोने परत मिळते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी पैसे देऊन विकत घेतात आणि तो धुऊन, गाळून त्यातले कण काढतात. ज्याची धूळही वाया जात नाही असा दुसरा जिन्नस बाजारात मला तरी माहीत नाही.

पण जुने सोने वाया जात नाही, याचा परिणाम फार मोठा आहे आणि त्याकडे लक्ष दिले जात नाही. माणसाने आजवर खाणींतून काढलेले सोने बहुतांशी अजून कोठे ना कोठे शिल्लक आहे. त्याचा अंदाज दोन लाख टनांहून थोडा अधिक धरला जातो, आणि त्यात दरवर्षी भर पडते ती साडेतीन हजार टनांच्या आसपास, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. खाणी कितीही जोरात चालल्या तरी साठा एकदम फुगत नाही. उलट कवडी पाहा. मालदीवची कवडी बंगालपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत शतकानुशतके चलन म्हणून चालली, पण एकोणिसाव्या शतकात युरोपी व्यापाऱ्यांनी जहाजेच्या जहाजे भरून कवड्या आफ्रिकेत ओतल्या तेव्हा तेथे तिची किंमत कोसळली. दसऱ्याला आपण आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो. त्या प्रथेविषयी मला अतिशय आदर आहे, पण दुसऱ्या दिवशी त्या पानांवर कोणी मीठही देत नाही, कारण पान कोणालाही झाडावरून खुडता येते आणि संध्याकाळपर्यंत सुकते. सोन्यालाही पुराचा धक्का बसलेला आहे : १३२४ साली माली देशाचा राजा मन्सा मुसा हजच्या वाटेवर कैरोत इतके सोने उधळून गेला की तेथे त्याचा भाव कित्येक वर्षे पडलेला राहिला. पण असे प्रसंग विरळा, आणि तेही ठरावीक मुलखापुरते.

आता दुसरा गैरसमज. पूर्वी सगळा व्यवहार सोन्यात चालत असे, हे खरे नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर, नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याच्या दानाचा लेख आहे. त्यात ७०,००० कार्षापणांचे दान नोंदवले आहे आणि लगेच हिशेब दिला आहे : ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण (सोन्याचे नाणे), म्हणजे एकूण दोन हजार सुवर्ण. रोजच्या देण्याघेण्याचे नाणे कार्षापण होते, आणि सोने मोठ्या रकमेचा हिशेब सांगायला. नहपानाची नाणी चांदीची. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे अशी सुमारे १३ हजार नाणी सापडली, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर विजेत्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. राजा बदलला, ठसा बदलला, चांदी तीच राहिली. खुद्द सातवाहनांची नाणी शिसे, तांबे, पोटीन (तांब्याची एक मिश्रधातू) आणि चांदी यांची आहेत. सोन्याचे नाणे त्यांनी पाडल्याचे आढळत नाही. बाजारहाट तांब्यात आणि कवडीत, पगार आणि सारा चांदीत, आणि दूरदेशीचा व्यापार, खंडणी, साठवण सोन्यात, अशी विभागणी पुढेही दीर्घकाळ राहिली. आपला रुपया नावानेच रुप्याचा, म्हणजे चांदीचा आहे.

मग चांदीला बाजूला सारून सोने एकटेच गादीवर कसे बसले? येथे मात्र दगडापेक्षा कायद्याचा हात मोठा आहे. १७१७ साली इंग्लंडच्या टांकसाळीचा प्रमुख असलेल्या आयझॅक न्यूटनच्या अहवालावरून गिनी या सोन्याच्या नाण्याची किंमत २१ शिलिंग ठरवण्यात आली. त्या दराने इंग्लंडात चांदीचे मोल बाहेरच्यापेक्षा कमी पडले, चांदी देशाबाहेर जाऊ लागली आणि सोने मागे राहिले. १८१६ साली ब्रिटनने कायद्यानेच सोने हे चलनाचे परिमाण मानले, १८७० नंतर जर्मनी आणि इतर देश त्याच वाटेने गेले, आणि जगाच्या टांकसाळींनी नाकारलेल्या चांदीचा भाव घसरत गेला. १८९३ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. त्यापूर्वी कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. त्यानंतर गरीब घरातल्या वाळ्या-तोरड्यांची चांदी निव्वळ धातू ठरली. चांदीचा कस तसूभरही उतरला नव्हता. उतरला तो तिचा हक्क, आणि त्याची झळ सोने नसलेल्यांना बसली, हे सोन्याचे गोडवे गाताना विसरू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला आणि १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला प्रबंध नेमका या काळाविषयी आहे. राज्यकर्त्यांना वाटेल तेवढे रुपये पाडता येतात, हा तत्कालीन व्यवस्थेचा मुख्य दोष त्यांनी दाखवला, रुपयाची टांकसाळ सरकारलाही बंद करावी असे सुचवले आणि सोन्याच्या नाण्याचा पुरस्कार केला. सोन्याच्या लखलखाटाने ते भारावले नव्हते. पैशाची क्रयशक्ती स्थिर राहावी, म्हणजे हातावर पोट असलेल्याच्या मजुरीला गळती लागणार नाही, ही त्यांची चिंता होती. कोणाच्याही हुकमाने वाढवता येत नाही, हा सोन्याचा गुण त्यांनी त्यासाठी हवा म्हटला.

पुढे १९३१ साली ब्रिटनने आणि १९७१ साली अमेरिकेने सोन्याशी असलेले चलनाचे नाते तोडले. तरीही १९९१ च्या जुलैत, परकीय चलन संपत आले असता, रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने मुंबईहून परदेशी नेऊन गहाण ठेवावे लागले. आपल्या शब्दावर उधार मिळेना तेव्हा सोन्यावर मिळाले. आजीची पुतळी गावोगावच्या सराफाकडे चालत असे, तोच हा न्याय.

आपणांस एक विनंती आहे. उषवदाताचा तो लेख नाशिककरांच्या रोजच्या वाटेवर आहे, पण वर चढून गेलेले बहुतेक लोक मूर्ती पाहून परततात. येत्या दसऱ्याच्या पुरवणीत त्या लेखाचे छायाचित्र, त्याचे देवनागरी लिप्यंतर आणि मराठी अर्थ छापावा, आणि ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण हा हिशेब ज्या ओळीत आहे ती ओळ ठळक दाखवावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सराफ, नाशिक