पोलो जीटी टिकवायची कशी?

संपादक महोदय,

आजची वेगवान गाडी उद्या चाहत्यांचं दैवत ठरू शकते का? चाकणला बनलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय ठरू शकते, असं माझं ठाम मत आहे. २०१३ साली आलेल्या या छोट्या गाडीत ११९७ सीसीचं टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. भारतात पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, चाहते मात्र टिकून आहेत.

खरी कसोटी गिअरबॉक्सची आहे. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले. ट्रॅफिकमध्ये ब्रेक अर्धवट सोडून गाडी रांगत ठेवली, की ते घसरतात, तापतात, झिजतात. त्यापेक्षा पुढे जागा होऊ द्यावी आणि मगच गाडी काढावी. मेकॅट्रॉनिकमध्ये, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणाऱ्या नियंत्रण संचात, तेलाचा दाब साठवणाऱ्या भागापाशी तडा गेला, तर गिअरच पडत नाहीत. अशा वेळी अख्खा संच बदलण्याआधी केवळ तडकलेला भाग बदलता येईल का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने हवा आत सोडणारे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यांवर काजळी साचते. अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करून ती निघते.

नियमांचं काय? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ‘व्हिंटेज’ दर्जा मात्र ५० वर्षांनंतर. मधल्या ३५ वर्षांसाठी, कमी फिरणाऱ्या आणि निगा राखलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग परिवहन खात्याने करावा. पहिल्या जीटींची १५ वर्षं २०२८ मध्येच भरतात.

– एक वाचक, पुणे