मोडक्या जोडाक्षरांचा दोष फॉन्टचा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन मिळणाऱ्या प्रमाणपत्रांत, प्रवेशपत्रांत 'शिक्षण' मधली वेलांटी श सोडून पुढच्या अक्षरावर गेलेली, क्ष फुटून 'क्‌ष' झालेला आणि 'वर्षा' मधला रफार र ला हलन्त देऊन लिहिलेला सर्रास दिसतो. त्यावर 'फॉन्ट बदला' हा ठरलेला सल्ला मिळतो. पण ही अक्षरे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या, चित्रे तयार करणाऱ्या 'पिलो' या मुक्त स्रोत पॅकेजने उमटवली असतील, तर फॉन्ट बहुधा निर्दोष असतो. सर्व्हरवर 'फ्रिबिडी' ही एक छोटी शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायचा तयार कोड) नसते, एवढेच.

पिलो वरून पायथन दिसत असले तरी अक्षरांचे काम सी आणि सी++ मधल्या लायब्रऱ्या करतात. फ्रीटाइप फॉन्टमधले आकार काढते, हार्फबझ जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या जागेवर बसवते, फ्रिबिडी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्या सांभाळते आणि रक्म या सगळ्यांना एकत्र बांधते. पिलोच्या 8.2 आवृत्तीपासून पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) उतरणाऱ्या तयार पॅकेजात रक्म असते. फ्रिबिडी मात्र त्यात नसते. ती प्रोग्राम चालू असताना यंत्रावर शोधली जाते. मराठी डावीकडून उजवीकडेच लिहिली जाते, तरीही फ्रिबिडी सापडली नाही की रक्म बंद पडते आणि पिलो काही न बोलता 'बेसिक' मांडणीवर उतरते. त्या मांडणीत अक्षरे ज्या क्रमाने साठवली त्याच क्रमाने एकापुढे एक ठेवली जातात. एरर नाही, इशारा नाही. मुक्त स्रोतातली ही शांतता मला एररपेक्षा वाईट वाटते.

डेव्हलपरच्या लिनक्स डेस्कटॉपवर पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीसाठी फ्रिबिडी आधीच आलेली असते, म्हणून तिथे सगळे छान दिसते. सर्व्हरवर वापरतात त्या डेबियन लिनक्सच्या छाटलेल्या 'स्लिम' डॉकर इमेजमध्ये (प्रोग्राम चालवायच्या तयार साच्यात) ती नसते. पिलो पुन्हा इन्स्टॉल करून उपयोग नाही, कारण पिप सिस्टिमच्या लायब्रऱ्यांना हात लावत नाही. लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणारे एलडीडी चालवले तरी सगळे ठीक दिसते. ते फक्त लिंक करताना नोंदलेली नावे दाखवते, डीएलओपन या फंक्शनने ऐनवेळी उघडायची लायब्ररी त्या यादीत येतच नाही. बरेच जण इथेच फसतात.

तपासायचे असे: पिलोच्या 'फीचर्स' मॉड्यूलमधल्या 'चेक' फंक्शनला 'रक्म' (raqm) विचारा. उत्तर 'फॉल्स' आले, तर डेबियन-उबुंटूवर 'लिबफ्रिबिडी0' हे पॅकेज बसवा. विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल (शेअर्ड लायब्ररीची फाइल) सिस्टिम शोधते त्या फोल्डरात ठेवा. पायथन 64 बिटचे असेल तर डीएलएलही 64 बिटचीच हवी. मग प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा, कारण शोध मॉड्यूल लोड होताना एकदाच होतो. आणि मजकूर काढताना भाषा म्हणून 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) द्या. याचे दोन फायदे. रक्म नसेल तर पिलो मोडका मजकूर छापण्याऐवजी सरळ एरर देते. आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात.

काही जण हे न करता कोडमध्येच वेलांटी अक्षराच्या आधी सरकवतात. चित्रात ती बरी दिसते, पण तोच मजकूर डेटाबेसमध्ये गेला की नाव शोधून सापडत नाही, आणि पुढे सर्व्हरवर फ्रिबिडी आली की नेमकी उलटी मोडतोड होते.

असे काम करून घेणाऱ्या शाळा, विद्यापीठे आणि कार्यालयांनी डेमो पाहून बिल मंजूर करू नये. 'क्षितिज, वर्षा, कार्यक्रम, शिष्यवृत्ती' हे चार शब्द प्रत्यक्ष सर्व्हरवरून छापून मागावेत, आणि सर्व्हर बदलला की पुन्हा मागावेत.

आपला,
एक संगणक अभियंता, पुणे