बस त्याच दारी का गेली

प्रिय दोस्ता,
सलाम.

समलिंगी मुलांना नाकारणाऱ्या कॉलेजांबद्दल परवा फोनवर तू म्हणालास, "जिथं आपण नको आहोत तिथं जायचंच कशाला? दुसरी कॉलेजं ओस पडलीत का?" तुझी उपासनेची वेळ झाली होती, म्हणून बोलणं तिथंच राहिलं. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

तुला अमेरिकेतल्या 'इक्वॅलिटी राइड'बद्दल सांगायचंय. मार्च २००६ मध्ये तीसेक तरुण मुलंमुली एका बसमधून निघाली आणि अशाच एकोणीस कॉलेजांच्या दारी गेली. बहुतेक ख्रिस्ती, काही लष्करी. जेकब रायटन आणि हेवन हेरिन यांनी सगळं जुळवून आणलं. पाठीशी 'सोलफोर्स' ही मेल व्हाइट आणि त्यांचे जोडीदार गॅरी निक्सन यांची संस्था. गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसेवर उभी राहिलेली. हे व्हाइट स्वतः चर्चचे पाळक. जेरी फॉलवेल यांचं आत्मचरित्र त्यांनीच लिहून दिलं होतं, आणि समलिंगी लोकांविरुद्ध फॉलवेल यांच्याइतकं जहाल बोलणारे धर्मोपदेशक थोडेच. तरी १९९९ मध्ये लिंचबर्गला दोघं आपापली दोनशे माणसं घेऊन समोरासमोर बसले. मला ते फार मोठं वाटतं.

बसचा पहिला मुक्काम फॉलवेल यांच्याच लिबर्टी विद्यापीठाचा. परवानगी नाकारलेली होती. तरी मुलं शांतपणे आत शिरली आणि पोलिसांनी त्यांना धरलं. जागा खासगी, कायदा कॉलेजच्या बाजूचा. मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात ती लिलीची फुलं घेऊन गेली, जीव दिलेल्या समलिंगी मॉर्मनांच्या आठवणीत. तिथंही अटक.

पण टेक्सासमधल्या ॲबिलीन ख्रिश्चन आणि इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजनं त्यांना आत बोलावलं. शास्त्रवचनं उघडून चर्चा झाल्या. व्हीटनची शिकवण बदलली नाही. पण बाकावर गप्प बसलेल्या एखाद्या मुलानं आपल्यासारखा माणूस देवाचं नाव घेताना पहिल्यांदाच ऐकला असेल, आणि तेवढ्यासाठी ती बस तिथं जायलाच हवी होती असं मी म्हणेन.

दुसरं कॉलेज म्हणतोस? अठराव्या वर्षी कॉलेज कोण निवडतं? आईबाप, चर्चची मंडळी, फीचा हिशेब. कितीतरी जणांना तर आपण कोण आहोत हे तिथं गेल्यावर उमगतं. आणि श्रद्धा अशा मुलाचीही असतेच ना? लहानपणापासून गायलेली गीतं त्यानं का सोडायची? बसमधली पुष्कळ मुलं अशाच घरांतून आलेली होती; परक्यांशी भांडायला नव्हे, आपल्याच माणसांशी बोलायला गेली होती.

तू आपल्या चर्चच्या तरुण संघाचं काम बघतोस म्हणून स्पष्ट लिहितोय. क्वायरमध्ये टेनर गाणारा तो मुलगा ईस्टरनंतर दिसलेला नाही. लोक काय कुजबुजतात ते तुलाही ठाऊक आहे. पाळकसाहेबांशी नंतर बोलू, संघात विषय काढायचा तेव्हा काढू. आधी त्याला भेटूया. पुढच्या शनिवारी मी पुण्यात आहे. त्याला विचार, आणि तो हो म्हणाला तरच मला कळव.

तुझाच,
दोस्त